"आमच्या खेळाडूवर अन्याय झाला!" पुरुषांच्या फिगर स्केटिंगमधल्या गुणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदकं गळ्यात पडायच्या आत भांडण सुरू झालेलं असतं. एकाच्या मते निकाल आधीच ठरलेला होता, दुसऱ्याच्या मते पहिल्याला स्केटिंगमधलं ओ की ठो कळत नाही. या भांडणांत फिरून फिरून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं तटस्थ असल्याचा आव नाही. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

पडलेला खेळाडू न पडलेल्याला हरवतो कसा?

कारण पडणं ही एका उडीची चूक आहे आणि गुण सगळ्या कार्यक्रमाचे मोजले जातात. स्पर्धेत दोन कार्यक्रम असतात, छोटा शॉर्ट प्रोग्राम आणि लांब फ्री स्केट, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज होते. फ्री स्केटमध्ये सात उड्या किंवा उड्यांच्या जोड्या, तीन गिरक्या, एक स्टेप सिक्वेन्स आणि एक कोरिओग्राफिक सिक्वेन्स असे बारा घटक असतात. त्यातला एक आपटला तरी अकरा उरतात.

पण लोकांना खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पूर्वी अवघड उडी मारून पडणं हे सोपी उडी नीट मारण्यापेक्षा फायद्याचं असायचं. सोची २०१४ चं ऑलिम्पिक घ्या. जपानचा युझुरू हान्यू फ्री स्केटमध्ये क्वाड साल्कोवर पडला (क्वाड म्हणजे चार फेऱ्यांची उडी, ट्रिपल म्हणजे तीन; साल्को, लुट्झ, फ्लिप, टो-लूप, अ‍ॅक्सल ही उड्यांच्या प्रकारांची नावं). त्या वेळच्या किमतींच्या तक्त्यात या उडीला १०.५ गुण होते. पडल्याबद्दल ३ गुण कापले, वर पडण्याचा दंड १. तरी हातात ६.५ उरले. न पडता मारलेल्या ट्रिपल लुट्झची मूळ किंमत तेव्हा ६ होती. हान्यू २८०.०९ गुणांनी जिंकला, कॅनडाचा पॅट्रिक चॅन २७५.६२ वर राहिला. चॅननेही चुका केल्याच होत्या, त्यामुळे "पडलेल्याने न पडलेल्याला लुटलं" असं ते चित्र नव्हतं. पण तक्ता मात्र चुकीचा होता, यावर दोन्हीकडचे चाहते बहुधा सहमत होतील.

२०१८ मध्ये तो दुरुस्त झाला. आता क्वाड साल्कोची किंमत ९.७, आणि पडलात तर तिच्यातले निम्मे जातात. दंड धरून उरतात ३.८५. नीट मारलेल्या ट्रिपल साल्कोला ४.३ मिळतात. म्हणजे आता चार फेऱ्यांचा जुगार हरलात तर तीन फेऱ्यांचा शहाणा माणूस तुमच्या पुढे जातो. तिसऱ्या पडण्यापासून दंडही दोन गुणांचा होतो.

गुण नक्की देतं कोण? "जजने उडी कापली" असं सगळे म्हणतात.

उडी जज कापत नाहीत. निम्मी भांडणं इथेच चुकीच्या दारावर जाऊन धडकतात.

बर्फाच्या कडेला दोन वेगळी मंडळं बसलेली असतात. पहिलं तांत्रिक पॅनल: एक तांत्रिक नियंत्रक आणि दोन तांत्रिक तज्ज्ञ. त्यांच्यासोबत माहिती भरणारा आणि रिप्ले दाखवणारा सहायक असतो. खेळाडूने कोणती उडी मारली, फेऱ्या पुऱ्या झाल्या का, उडताना स्केटच्या पात्याची कड बरोबर होती का, गिरकी कितव्या पातळीची, हे सगळं हे पॅनल ठरवतं. म्हणजे वस्तू कोणती हे ते सांगतात आणि तिची किंमत तक्त्यातून आपोआप येते.

दुसरं मंडळ परीक्षकांचं. मोठ्या स्पर्धांत ते नऊ असतात. ती वस्तू किती चांगली होती हे ते सांगतात: प्रत्येक घटकाला उणे पाच ते अधिक पाच. याला चाहते जीओई म्हणतात. त्याखेरीज संपूर्ण कार्यक्रमाला घटक गुण, म्हणजे पीसीएस, तेही हेच नऊ जण देतात.

तेव्हा तुमच्या खेळाडूच्या क्वाड लुट्झपुढे 'कमी फेरी' अशी खूण आली असेल तर नऊ परीक्षकांच्या देशांची यादी काढून बसू नका. त्यातल्या एकानेही ती खूण केलेली नाही. आणि उडीला अधिक चारच्या जागी अधिक दोन मिळाले असतील तर तांत्रिक पॅनलला शिव्या घालू नका.

गुणपत्रक वाचायचं कसं?

प्रत्येक स्पर्धेनंतर सविस्तर गुणपत्रक जाहीर होतं. त्याला सगळे प्रोटोकॉलच म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं की वीजबिलापेक्षा अवघड वाटतं, पण चार गोष्टी कळल्या की पुरे.

डावीकडे घटकाचं नाव, मग मूळ किंमत, मग जीओईमुळे झालेली वाढ किंवा घट, मग नऊ परीक्षकांचे आकडे ओळीने. आधी डावीकडच्या खुणा पाहा. कोनासारखी एक खूण म्हणजे फेरी पाव वळणापेक्षा जास्त कमी पडली, किंमत ८० टक्क्यांवर आली. तशाच दोन खुणा म्हणजे अर्धं वळण किंवा त्याहून जास्त कमी पडलं. मग क्वाडला ट्रिपलचीच किंमत. 'क्यू' म्हणजे बरोबर पाव वळण कमी: मूळ किंमत शाबूत, पण परीक्षकांनी जीओई खाली आणायचा. ही 'क्यू' २०२०-२१ च्या हंगामात आली आणि तेव्हापासून भांडणांना नवं खाद्य मिळालं. 'ई' म्हणजे उड्डाणाची कड चुकली. ही खूण फ्लिप आणि लुट्झला लागते, कारण या दोन उड्यांत फरक असतो तो कडेचाच.

या खुणा पाहून झाल्या की मग उजवीकडचे नऊ आकडे वाचा. सात जण अधिक तीन-चार म्हणत असताना एकच जण शून्य म्हणत असेल, तर तो स्तंभ खालपर्यंत बोट ठेवून वाचत जा. एकाच घटकात तसं झालं असेल तर त्या परीक्षकाला काहीतरी दिसलं असेल किंवा डोळा लागला असेल. बाराही घटकांत तसंच असेल, तर तुमचा संशय बिनबुडाचा नाही.

जुनी सहा गुणांची पद्धत बरी नव्हती का? निदान कळत तरी होती.

कळत होती असं वाटायचं. ५.८ आणि ५.९ हे आकडे पडद्यावर झळकायचे, लोक टाळ्या वाजवायचे, पण निकाल त्या आकड्यांच्या बेरजेवर लागतच नव्हता. प्रत्येक परीक्षकाने कोणाला कितवं ठेवलं, यावर तो ठरायचा. आकडा फक्त क्रम लावायचं साधन होतं. त्यामुळे सुरुवातीला येणाऱ्या खेळाडूने जीव तोडला तरी परीक्षक हात राखून गुण द्यायचे, कारण पुढे येणाऱ्यांसाठी जागा ठेवावी लागे.

कॅलगरी १९८८ च्या ऑलिम्पिकमधलं 'ब्रायनांचं युद्ध' आठवा. अमेरिकेचा ब्रायन बॉयटानो आणि कॅनडाचा ब्रायन ऑर्सर. नऊपैकी पाच परीक्षक बॉयटानोच्या बाजूने, चार ऑर्सरच्या. एका परीक्षकाचं मत फिरलं असतं तर सुवर्णपदक दुसऱ्या ब्रायनच्या घरी गेलं असतं. हे कळायला सोपं होतं हे मान्य. पण हरलेल्याला आपण नेमके कुठे हरलो ते मात्र कधी कळायचं नाही.

ती पद्धत बुडाली ती पुरुषांच्या स्पर्धेमुळे नाही, जोड्यांच्या. सॉल्ट लेक सिटी २००२. रशियाच्या येलेना बेरेझ्नाया आणि अंतोन सिखारुलिद्झे यांनी कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेटिए यांना ५-४ ने मागे टाकलं. मग फ्रेंच परीक्षक मारी-रेन ल गून यांच्यावर दबाव आल्याची गोष्ट बाहेर आली. कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आलं. ल गून आणि फ्रेंच संघटनेचे प्रमुख दिदिए गायागे यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने, म्हणजे आयएसयूने, आजची गुणपद्धत स्वीकारली.

परीक्षक आपल्या देशाच्या खेळाडूला झुकतं माप देतात का?

देतात. सगळेच नाही, दर वेळी नाही, पण हे काही चाहत्यांच्या डोक्यातलं खूळ नव्हे.

अगदी पुरुषांच्या स्पर्धेतलंच उदाहरण आहे. प्योंगचांग २०१८ मध्ये चीनच्या परीक्षक चेन वेइगुआंग यांनी चिनी खेळाडूला झुकतं माप दिल्याचं आयएसयूच्या शिस्तपालन समितीने मान्य केलं. दोन वर्षांची बंदी आली, शिवाय बीजिंग २०२२ मध्ये परीक्षक होण्यालाही मनाई झाली. त्याच ऑलिम्पिकमधल्या जोड्यांच्या स्पर्धेतले परीक्षक हुआंग फेंग यांना एक वर्ष बाहेर बसावं लागलं.

"सर्वात जास्त आणि सर्वात कमी गुण कापले जातात, मग एकट्याने काय होतं?" हा यावरचा ठरलेला बचाव. तो अर्धाच खरा आहे. हिशोब करून पाहू. एका क्वाड लुट्झला आठ परीक्षकांनी २, २, ३, ३, ३, ३, ३, ४ असे जीओई दिले. नववा प्रामाणिक असेल आणि तोही ३ देईल, तर एक २ आणि तो ४ कापला जाऊन उरलेल्या सातांची सरासरी येते २.८६. आता नववा आपल्या पोरासाठी ५ देतो. त्याचा ५ कापला जातो, बरोबर. पण मघाशी कापला गेलेला ४ आता आत राहतो. सरासरी होते ३. क्वाड लुट्झची किंमत ११.५, जीओईची प्रत्येक पायरी दहा टक्क्यांची, म्हणजे फायदा झाला साधारण ०.१६ गुणांचा.

चिल्लर आहे. पण हीच चिल्लर सगळ्या घटकांतून गोळा केली की गुणाच्या आसपास जाते, आणि पीसीएसमध्ये तोच हात चालवायची सोय वेगळीच. ऑलिम्पिक सुवर्ण १.३१ गुणांनी ठरलेलं आहे. त्याकडे पुढे येऊच.

मुळात परीक्षक येतात ते देशोदेशीच्या संघटनांनी पाठवलेले. पुढच्या स्पर्धेला पाठवायचं की नाही, हेही तीच संघटना ठरवते. माणूस कितीही सरळ असला तरी घरी परतल्यावर कोणाला तोंड दाखवायचं आहे, हे त्याला ठाऊक असतं. सूत्र कितीही हुशार केलं तरी ही मेख तशीच राहते.

मग परीक्षकांची नावं गुप्त का ठेवत नाहीत?

ठेवून पाहिली. नवी पद्धत आल्यापासून २०१६ पर्यंत कोणत्या परीक्षकाने काय दिलं हे कळत नव्हतं. नाव नसेल तर संघटना दबाव आणू शकणार नाही, असा विचार होता. झालं उलटंच. अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी गुणांचा अभ्यास केला तेव्हा गुप्ततेच्या काळात स्वदेशप्रेम कमी झालेलं दिसलं नाही, उलट वाढलेलं दिसलं. साहजिक आहे: पडदा असला की मागे दबाव आणणाराही सुटतो आणि दबणाराही. २०१६ मध्ये आयएसयूने गुप्तता काढून टाकली. चेन वेइगुआंग यांचं प्रकरण उघड झालं ते दीड-दोन वर्षांतच, हा योगायोग म्हणायला मी तयार नाही.

व्हँकुव्हर २०१०: क्वाड न मारता सुवर्ण कसं मिळालं?

या एका प्रश्नावर इतकी वर्षं मैत्र्या तुटतात, म्हणून जरा सावकाश.

अमेरिकेचा इव्हान लायसासेक २५७.६७, रशियाचा येवगेनी प्लुशेंको २५६.३६. फरक १.३१. शॉर्ट प्रोग्रामनंतर प्लुशेंको ०.५५ ने पुढे होता. फ्री स्केटमध्ये लायसासेकने १.८६ ने मात केली. प्लुशेंकोने क्वाड टो-लूप आणि त्याला जोडून ट्रिपल टो-लूप मारली. लायसासेकने क्वाडचा प्रयत्नसुद्धा केला नाही. प्लुशेंकोचं म्हणणं उघड होतं: क्वाड नसेल तर ते पुरुषांचं स्केटिंग कसलं!

आता प्रोटोकॉल. फ्री स्केटमध्ये दोघांचं पीसीएस तंतोतंत सारखं: ८२.८०. म्हणजे "परीक्षकांनी कलेच्या नावाखाली अमेरिकनाला उचललं" हा आरोप तिथेच बाद. मूळ किमतींची बेरीज पाहा: प्लुशेंको ७५.०३, लायसासेक ७४.९३. क्वाड मारूनही आघाडी फक्त एक दशांश! कारण कार्यक्रमाच्या उत्तरार्धात मारलेल्या उड्यांना तेव्हा दहा टक्के जास्त मिळायचे आणि लायसासेकने आपल्या जास्त उड्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या. क्वाड टो-लूपची किंमत होती ९.८, ट्रिपल अ‍ॅक्सलची ८.२. एवढ्याशा फरकासाठी हाड मोडून घ्यायचा धोका. उरलं जीओई: लायसासेक ९.६४, प्लुशेंको ७.६८. प्लुशेंकोच्या काही उड्या हवेतच वाकड्या झाल्या होत्या आणि तो मांजरासारखा सावरून उतरला. ते सावरणं बघायला अफलातून, पण जीओईच्या निकषांत त्याला जागा नाही.

माझं मत: निकाल त्या नियमांनुसार बरोबर, आणि ते नियम क्वाडवर अन्याय करणारे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे या वादात कोणी ऐकूनच घेत नाही. त्याच वर्षी क्वाड टो-लूपची किंमत १०.३ केली गेली. आयएसयूने एवढ्यावर कबुलीजबाब दिला असं समजायला हरकत नाही.

मग आता क्वाडला फारच जास्त गुण मिळतात, असं का म्हणतात?

कारण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. प्योंगचांगमध्ये अमेरिकेचा नेथन चेन शॉर्ट प्रोग्राममध्ये कोसळला, सतराव्या जागेवर गेला. फ्री स्केटमध्ये सहा क्वाड मारून त्याने २१५.०८ गुण घेतले, त्या दिवशीचे सर्वाधिक, आणि एकूण पाचवा आला. सुवर्ण हान्यूलाच मिळालं, सलग दुसऱ्यांदा.

त्या हंगामानंतर तक्ता छाटला गेला. क्वाड लुट्झ १३.६ वरून ११.५, क्वाड अ‍ॅक्सल १५ वरून १२.५. फ्री स्केट साडेचार मिनिटांवरून चार मिनिटांचं, उड्या आठवरून सात, उत्तरार्धाची वाढ फक्त शेवटच्या तीन उड्यांना. क्वाड अ‍ॅक्सलबद्दल मला अजूनही वाटतं की घात झाला. साडेचार फेऱ्यांची उडी, तोवर स्पर्धेत कोणीच नीट उतरवलेली नाही, आणि क्वाड लुट्झपेक्षा तिला एकच गुण जास्त. हान्यूने बीजिंग २०२२ मध्ये ती मारली ती हिशोब करून नव्हेच. तो पडला, फेरीही कमी भरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने ती लेक प्लॅसिडमध्ये पहिल्यांदा नीट उतरवली.

मालिनिनच्या काळात जुनाच वाद नव्या कपड्यांत परत आला: इतक्या क्वाड मारणाऱ्याला कोणी हरवूच शकत नसेल तर बाकीचे घटक कशाला हवेत? उत्तर मिलान २०२६ मध्ये बर्फावरच मिळालं. शॉर्ट प्रोग्रामनंतर आघाडीवर असलेला मालिनिन फ्री स्केटमध्ये ढासळला आणि आठवा आला. सुवर्ण कझाकस्तानच्या मिखाइल शायदोरोवला. त्या निकालात परीक्षकांना दोष द्यायला फारशी जागाच उरली नाही.

पीसीएस म्हणजे नाव बघून दिलेले गुण, हे खरं का?

माझ्या मते या खेळातली सगळ्यात मऊ जागा हीच.

पीसीएसचे घटक म्हणजे उड्या-गिरक्या नव्हेत. पूर्वी ते पाच होते, २०२२-२३ पासून तीन आहेत: रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य. प्रत्येकी दहापैकी गुण. कागदावर तिन्ही स्वतंत्र. प्रत्यक्षात परीक्षकाला चार मिनिटं उड्यांना, गिरक्यांना आकडे देत देत हे तीनही मनात तोलायचे असतात. मग काय होतं? खेळाडू गेल्या वर्षी नऊच्या घरात होता ना, याही वर्षी नऊच्या घरात. शेवटच्या गटात आला ना, म्हणजे चांगलाच असणार. उड्या नीट उतरल्या ना, मग 'रचना'ही वाढली! आता उडी उतरण्याचा आणि रचनेचा काय संबंध? कार्यक्रम तोच, नृत्यदिग्दर्शक तोच, संगीत तेच.

पॅट्रिक चॅनच्या काळात चाहत्यांनी यासाठी 'चॅनफ्लेशन' (चॅन अधिक इन्फ्लेशन, म्हणजे फुगवलेले गुण) असा शब्दच काढला होता. गंमत अशी की चॅनचं स्केटिंग कौशल्य खरोखर असामान्य होतं. दोन पावलांत तो अख्खं रिंक कापायचा, कडा अशा खोल की कॅमेरा तिरका झाला की काय वाटावं. त्याला त्या एका घटकात दहाच्या जवळ द्यायला माझी ना नाही. प्रश्न उरलेल्या घटकांचा होता. तेही त्याच्या कौशल्याचं बोट धरून वर जायचे, पडला तरी.

आता एकापेक्षा जास्त गंभीर चुका झाल्या तर या गुणांवर कमाल मर्यादा येते. ही चांगली सुधारणा आहे.

म्हणजे उड्या नसतील तर पीसीएसवर निभाव लागतच नाही?

लागतो, पण पदकापर्यंत पोचणं अवघड. अमेरिकेचा जेसन ब्राउन बीजिंग २०२२ मध्ये एकही क्वाड न मारता सहावा आला. ज्याला कोणाला पीसीएस म्हणजे निव्वळ भानगड वाटते त्याने ब्राउनचा कार्यक्रम आवाज बंद करून पाहावा, मग आवाज लावून.

तांत्रिक पॅनलची चूक होऊ शकते का? रिप्लेमध्ये तर स्पष्ट दिसत होतं!

तुम्हाला दिसलेला रिप्ले आणि पॅनलला दिसलेला रिप्ले एक नसतो. टीव्हीवर चार-पाच कोनांतून उडी दिसते. पॅनल ठरावीक कॅमेऱ्याच्या चित्रावर निर्णय घेतं. खेळाडू त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून उतरला की पाव वळण कमी की पुरं, हे सांगणं म्हणजे लांबून घड्याळाचा मिनिटकाटा वाचण्यासारखं. शंका असेल तर फायदा खेळाडूला द्यायचा, असा दंडक आहे. मग एकाच प्रकारचं उतरणं एका कोपऱ्यात सुटतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात पकडलं जातं. ही ऐकायला क्षुल्लक तक्रार आहे, पण मला ती देशप्रेमाच्या तक्रारीपेक्षा जास्त बोचते. कॅमेरे वाढवणं हा पैशाचा आणि इच्छेचा प्रश्न आहे, माणसाच्या स्वभावाचा नाही.

उड्डाणाआधीच बर्फावर फेरीचा काही भाग उरकून घेण्याबद्दलही खूप चर्चा चालते. काही उड्यांत थोडं तसं होणं तंत्राचाच भाग आहे. पाय बर्फावर असताना अर्ध्याहून जास्त वळून घेणारे मात्र आहेत आणि त्यांना क्वचितच किंमत मोजावी लागते. उतरणं तपासतात, उडणं तितकं तपासत नाहीत.

यंत्रानेच गुण दिले तर?

फेऱ्या, उंची, अंतर यंत्र मोजेल, खुशाल मोजू द्या. प्रक्षेपणात असे आकडे दिसूही लागले आहेत. कमी फेरीचा वाद उद्या मिटला तर मी पेढे वाटीन. पण 'सादरीकरण' यंत्राने ठरवायचं असेल तर त्याला शिकवायला जुनेच गुण वापरणार ना? म्हणजे जुने सगळे कल नव्या डब्यात.

निकालाविरुद्ध दाद मागता येते का?

परीक्षकाचं किंवा पॅनलचं मत चुकलं म्हणून नाही. बेरीज चुकली किंवा माहिती भरताना चूक झाली, एवढ्यापुरतीच दाद मागता येते. ऑनलाइन सह्यांच्या मोहिमा निघतात, त्यांनी निकाल बदलत नाही.

बीजिंगमध्ये हान्यूचा पाय बर्फातल्या खड्ड्यात गेला. त्याला पुन्हा संधी का नाही दिली?

कारण बर्फावर आधीच्या पायांचे खड्डे असणं हा खेळाचा भाग धरला जातो. क्वाड साल्कोच्या उड्डाणाला त्याची कड अशाच एका भेगेत अडकली, उडी एकच फेरीची झाली. शॉर्ट प्रोग्राममध्ये तिथे एका फेरीच्या उडीला शून्य. एक घटक पूर्ण गेला, ९५.१५ गुणांवर तो आठवा राहिला आणि शेवटी चौथा आला. क्रूर आहे, पण अन्याय म्हणता येणार नाही. सगळ्यांना बर्फ तोच होता.

आकडे बरोबर सारखे आले तर?

एकूण बेरीज सारखी असेल तर फ्री स्केट ज्याचं सरस तो पुढे. फक्त शॉर्ट प्रोग्राममध्ये बरोबरी झाली तर तांत्रिक गुण पाहतात, फक्त फ्री स्केटमध्ये झाली तर पीसीएस.

इतकं सगळं वाचून झाल्यावरही एखादा निकाल गळ्याखाली उतरत नाही, असं तुमचं होतं का?

होतं. २०१३ ची जागतिक स्पर्धा, कॅनडातलं लंडन. शॉर्ट प्रोग्राममध्ये चॅन ९८.३७, कझाकस्तानचा डेनिस टेन ९१.५६. फ्री स्केटमध्ये चॅनने दोन देखण्या क्वाडने सुरुवात केली आणि मग दोनदा पडला. टेन कसलेल्या वादकासारखा शेवटपर्यंत स्थिर. फ्री स्केट टेननेच जिंकलं, १७४.९२ विरुद्ध १६९.४१. शॉर्ट प्रोग्रामची ६.८१ ची पिछाडी त्याने ५.५१ ने भरून काढली आणि १.३० कमी पडले. चॅन, त्याच्याच देशात, २६७.७८. टेन २६६.४८.

प्रोटोकॉल मी कितीदा तरी काढून पाहिला आहे. कट दिसत नाही. प्रत्येक ओळ सुटी वाचली तर समजावून सांगता येते. चॅनच्या त्या क्वाड खरोखर तेवढ्या गुणांच्या होत्या, त्याची पावलंही. फक्त दोनदा पडलेल्या कार्यक्रमाच्या पीसीएसमध्ये त्या पडण्याचा पुरेसा मागमूस नाही, आणि १.३० ही रक्कम तिथे कुठेही सहज दडू शकते.

टेनने पुढच्या वर्षी सोचीत कांस्य जिंकलं, फिगर स्केटिंगमधलं त्याच्या देशाचं पहिलं ऑलिम्पिक पदक. २०१८ च्या जुलैत अल्माटीत, गाडीचे आरसे चोरणाऱ्यांशी झालेल्या झटापटीत तो गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. मिलानमध्ये शायदोरोव जिंकला तेव्हा माझ्या डोक्यात आधी लंडनचाच तो आकडा आला.